जंगल, व्हाया किंग्स्टन

रेबेल एमसी, एक्स प्रोजेक्ट, कॉन्करिंग लायन, ब्लॅकस्टार, ट्राइब ऑफ इस्साखार, काँगो नॅटी. लंडनमधल्या एखाद्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात ‘जंगल’ असं लिहिलेल्या खोक्यात बोटं घातली, की ही सगळी नावं एकामागोमाग हाताला लागतात. दुकानदार बोलका नसला तर ही सहा वेगवेगळी माणसं आहेत असं समजून आपण घरी जातो. माणूस एकच आहे. मायकेल वेस्ट, जन्म ऑगस्ट १९६५, गाव उत्तर लंडनमधलं टॉटनम.

टोपणनावाचं आपल्याला नवल नाही. अत्रे विडंबनाला बसले की केशवकुमार होत, आणि कुसुमाग्रजांचं खरं नाव शाळेतल्या परीक्षेपुरतं तरी आपण पाठ केलेलं असतं. पण एका हयातीत इतकी नावं, आणि तीही पहिलं नाव देशभर गाजलेलं असताना, ही गोष्ट जरा वेगळी आहे. बाजारात चाललेलं नाव कुणी आपणहून खाली ठेवत नाही. वेस्टने ठेवलं. पुढच्या प्रकरणांचा विषय हा माणूस आहे, आणि त्याच्या निमित्ताने ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत १९९० च्या आसपास जन्मलेलं एक संगीत आहे. आधी त्याला ‘जंगल’ म्हणत, मग ‘ड्रम अँड बेस’ म्हणू लागले. दोन्ही नावांबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण थोडं थांबून.

वेस्टविषयी लिहिणारे बहुतेक जण एकच वाक्य लिहितात: तो रॅप आणि रेगेकडून जंगलकडे वळला. हे वाक्य मला पटत नाही, आणि ही प्रस्तावना इतकी लांबली ती त्या वाक्याशी भांडण्यापायीच. तो वळला नाही. रेगेच्या अंगणात वाढला आणि त्याच अंगणात राहिला. अंगणातल्या वरच्या सुराचा वेग तेवढा दुप्पट झाला.

हे कानाने समजून घ्यायला मला एका पोराची मदत झाली. माझा भाचा गणपतीत पथकात ताशा वाजवतो. त्याला मी वेस्टची एक जुनी तबकडी ऐकवली. तो आधी मान डोलवत होता, मग थांबला आणि म्हणाला, “मामा, हा ताशेवाला दमत कसा नाही?”

“माणूस नाही रे तो. तुकडे करून जोडलेला आहे.”

“आणि ढोलवाला? तो तर झोपलाय.”

“झोपलेला नाही. तो त्याच्या निम्म्या चालीने चाललाय.”

भाच्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरून पाहिलं: उजव्या हाताने ताशाची तर्री, डाव्याने ढोलाचा टोल. बसलं. जंगलची सगळी गंमत या मांडीवरच्या हिशेबात आहे. वरचे ड्रम मिनिटाला १६० ते १७० ठोक्यांनी पळत असतात. खालचा बेस मात्र त्याच्या अर्ध्या चालीने, म्हणजे मिनिटाला ८० ते ८५ ठोक्यांनी, पाय ओढत येतो. ही ८० ची चाल रेगेची आहे. नाचणाऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या असतात: अंगात जोर असेल तर ड्रमबरोबर धावा, नाहीतर बेसबरोबर डुला. त्या काळच्या नाचघरांत एकाच फरशीवर दोन्ही प्रकारची माणसं दिसत. वेगाने दिपून गेलेल्या समीक्षकांनी ड्रमबद्दल पानंच्या पानं लिहिली; बेस कुठून आला हे विचारायचं बऱ्याच जणांचं राहून गेलं.

बेस जमैकातून आला, आणि एकटा आला नाही. बरोबर एक अख्खी कार्यपद्धती घेऊन आला. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९५० च्या दशकापासून ‘साउंड सिस्टिम’ असत. कपाटाएवढे स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर, तबकड्या लावणारा एक जण, आणि माइकवर बोलणारा एक जण. वाद्यवृंद परवडत नसे, म्हणून तबकडी. दोन सिस्टिमची स्पर्धा लागे, आणि जिच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली तबकडी असेल ती जिंके. या हट्टातून एक अपघात घडला. १९६० च्या दशकाच्या अखेरीला रडी रेडवुड नावाचा स्पॅनिश टाउनचा सिस्टिमवाला ट्रेझर आइल स्टुडिओत एका गाण्याची खास प्रत कापून घेत होता. कापणाऱ्याच्या हातून गायकाचा आवाज घालायचा राहिला. रडीने ती बिनआवाजाची प्रत तशीच रात्री लावली, आणि गर्दीने गाणं आपल्या तोंडाने पूर्ण केलं. त्यानंतर तबकडीच्या मागच्या बाजूला आवाज काढून टाकलेली ‘व्हर्शन’ देण्याची रीत पडली. किंग टबी या विजेची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या माणसाने त्या व्हर्शनमधून डब हा प्रकार घडवला. गाणं उकलायचं, सूर विझवायचे, आणि उरतील ते ड्रम आणि बेस प्रतिध्वनीच्या विहिरीत सोडायचे. मिक्सिंगचं टेबल हेच वाद्य, ही कल्पना टबीची. संगणकापुढे बसून संगीत जुळवणारा आजचा प्रत्येक निर्माता त्याचा देणेकरी आहे.

हे सगळं जहाजातून आणि विमानातून लंडनला आलं. १९४८ साली विंडरश जहाज टिलबरी बंदराला लागलं, आणि पुढच्या दीड दशकात कॅरिबियन बेटांवरून हजारो माणसं ब्रिटनमध्ये बस चालवायला, रुग्णालयांत काम करायला आली. क्लबांच्या दारातून त्यांना परत पाठवत, म्हणून त्यांनी तळघरांत आणि सार्वजनिक सभागृहांत आपल्या सिस्टिम उभ्या केल्या. १९८० च्या दशकात दक्षिण लंडनच्या सॅक्सन साउंडवर टिपा आयरी, स्मायली कल्चर, पापा लीवाय ही पोरं माइकवर अशी भरभर बोलत, की जमैकातल्या लोकांनीही कान टवकारावेत. या बोलण्याला ‘फास्ट चॅट’ म्हणत. रेगेची चाल तीच, शब्द दुप्पट. जंगल जन्मायच्या आधी लंडनच्या पोरांच्या जिभेने ते असं वाजवून पाहिलं होतं.

टॉटनमचा वेस्ट या हवेत वाढला. तो वीस वर्षांचा असताना, ५ ऑक्टोबर १९८५ ला, सिंथिया जॅरेट या कृष्णवर्णीय बाईंच्या घराची पोलिसांनी झडती घेतली. झडती चालू असताना बाई कोसळल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी ब्रॉडवॉटर फार्म या वसाहतीत दंगल उसळली आणि तिच्यात कीथ ब्लेकलॉक हा पोलीस शिपाई मारला गेला. टॉटनम हे नाव ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत त्यानंतर कितीतरी वर्षं दंगलीला जोडूनच छापलं जात असे.

चार वर्षांनी त्याच टॉटनमचा एक पोरगा ब्रिटिश टीव्हीवर हसत-नाचत दिसू लागला. १९८९ साली रेबेल एमसी या नावाने वेस्टने डबल ट्रबल या मंडळींबरोबर ‘स्ट्रीट टफ’ हे गाणं काढलं, आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. रॅप, हाऊस आणि स्काची मिसळ. उड्या मारायला लावणारं, निरागस गाणं. रॅप करतो म्हणजे अमेरिकन असणार असं समजणाऱ्यांना त्यात तो स्वच्छ सांगतो, की मी लंडनचा आहे. रॅप करणाऱ्या ब्रिटिश पोरांनी तोवर बऱ्याचदा न्यूयॉर्कची नक्कल केली होती, म्हणून या ठणकावण्याला किंमत आहे. बाकी गाणं आज ऐकताना थोडं बाळबोध वाटतं, हे कबूल करतो. १९९० च्या ‘रेबेल म्युझिक’ या अल्बमबद्दलही माझं मत फार उत्साही नाही.

डबल ट्रबलमधल्या दोघांबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढे जागा मिळणार नाही. कार्ल ‘टफ इनफ’ ब्राउन पुढे टफ जॅममधून यूके गराज या संगीताचा मोठा माणूस झाला. दुसरा मायकेल मेन्सन. जानेवारी १९९७ मध्ये, मानसिक आजाराशी झगडत असताना, उत्तर लंडनच्या एडमंटन भागात रस्त्यावर काही गोऱ्या तरुणांनी त्याला पेटवून दिलं. त्याने स्वतःलाच पेटवून घेतलं असं पोलिसांनी सुरुवातीला धरलं. दोनेक आठवड्यांनी तो रुग्णालयात मरण पावला. घरच्यांनी पाठ सोडली नाही. चौकशीत ज्युरीने हा खून आहे असा निर्णय दिला, आणि १९९९ मध्ये गुन्हेगारांना शिक्षा झाली. ‘स्ट्रीट टफ’चा तो हसरा व्हिडिओ मला त्यानंतर पूर्वीसारखा पाहता आला नाही.

यशाचं पुढचं पाऊल काय असतं हे कुणालाही सांगता येईल: अजून एक ‘स्ट्रीट टफ’. वेस्टने १९९१ मध्ये ‘द विकेडेस्ट साउंड’ काढलं. टेनर फ्लाय हा लंडनच्या साउंड सिस्टिमवर तयार झालेला माइकवाला त्याच्यासोबत होता. खाली रेगेचा बेस, वर तुटक, पळता ब्रेकबीट. पाठोपाठ ‘ट्रायबल बेस’ आलं. त्यात टेनर फ्लायच्या जोडीला जमैकाचा बॅरिंग्टन लीवाय होता. हे गाणं यादीत पहिल्या विसात गेलं खरं, पण त्याचा आवाज यादीतल्या इतर गाण्यांसारखा नव्हता. ‘ब्लॅक मीनिंग गुड’ हा त्या वर्षीचा अल्बम आज कुणी ऐकला तर त्याला पुढच्या चार वर्षांचं जंगल त्यात कच्च्या रूपात सापडेल. ‘जंगल’ हे नाव लोकांच्या तोंडी बसायच्या आधीची ही गोष्ट आहे. त्याच सुमारास त्याने ट्रायबल बेस नावाचं स्वतःचं लेबल काढलं. १९९२ च्या अल्बमनंतर रेबेल एमसी हे नाव हळूहळू पाकिटांवरून उतरलं.

त्या वर्षांत लंडनच्या बेडरूममध्ये काय चालत असे ते जवळून पाहू. टेबलावर अटारीचा संगणक. शेजारी अकाय कंपनीचा एस ९५० हा सॅम्पलर: एका बैठ्या पेटीएवढा, छोटासा पडदा, पुढे फ्लॉपी घालायची फट, आणि स्मृती वाढवून वाढवून सव्वादोन मेगाबाइट. आज मोबाइलवरचा एक फोटोही त्यात मावणार नाही. या पेटीत तबकडीवरून सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा घ्यायचा. बहुतेकांचा तुकडा एकच असे: अमेरिकेतल्या द विन्स्टन्स या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या १९६९ च्या गाण्यात मधेच बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन चार आवर्तनं एकटा वाजवतो, तो. मूळ चाल मिनिटाला साधारण १३६. ती वाढवून १६० वर न्यायची. वेगाबरोबर सूरही चढतो, आणि ड्रमचं कातडं ताशासारखं ताणलं जातं. मग तुकड्याचे तुकडे. हा किक, हा स्नेअर, हा झांजेचा फुटका आवाज. प्रत्येकाला कीबोर्डची एक पट्टी नेमून द्यायची आणि कोलमनने कधीच न वाजवलेल्या क्रमाने ते परत लावायचे. एखादा स्नेअर उलटा, एखादा अर्ध्यातच कापलेला. चार आवर्तनांत एकदाही पुनरुक्ती नको, आणि तरी सम चुकायला नको. आपल्याकडे तबलजी कायदा घेतो आणि त्याचे पलटे मांडत जातो, त्याच्याशी हे काम फार जवळचं आहे. फक्त इथे बोल दुसऱ्याचे, आणि बोट उंदरावर.

त्या दुसऱ्याचं काय झालं? ‘आमेन, ब्रदर’ हजारो तबकड्यांत वापरलं गेलं. कोलमनला त्याचं काही मिळालं नाही. २००६ साली तो अटलांटात बेघर अवस्थेत मेला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड पाठवले. जंगलवर प्रेम करणाऱ्या कुणालाही हा हिशेब टाळता येणार नाही, आणि वेस्टलाही त्यातून सूट नाही. जमैकाच्या नाचांच्या ध्वनिफिती लंडनमध्ये हातोहात फिरत, त्यांना ‘यार्ड टेप’ म्हणत. त्यांच्यातून उचललेल्या आरोळ्यांचे पैसे ओरडणाऱ्यांना पोचले का, हे विचारायची पद्धतच नव्हती. जमैकातही नव्हती. एकाच रिदमवर पन्नास गाणी काढणाऱ्या बेटावर हे सामाईक कुरण होतं, असा बचाव केला जातो. मला तो अर्धाच पटतो.

गाणं तयार झालं की दुकानात जात नसे. आधी डबप्लेट. अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर मऊ लेप असतो. त्यावर सुईने थेट खाच कापायची. लेप इतका नाजूक, की काही डझन वेळा वाजवल्यावर आवाज खरखरू लागतो. उत्तर लंडनमध्ये म्युझिक हाऊस नावाचं डबप्लेट कापायचं ठिकाण होतं, रेगेतल्या माणसांनी चालवलेलं. जंगलचे डीजे आठवड्याअखेरीला तिथे रांग लावत. रांगेत पुढे रेगेची सिस्टिमवाली म्हातारी मंडळी, मागे ही पोरं. आतमध्ये एकाचं गाणं कापलं जात असताना बाकीच्यांना ते ऐकू येई, आणि कुणाकडे काय नवं आहे हे रात्रीच्या आधी सगळ्यांना ठाऊक होई. किंग्स्टनच्या सिस्टिमवाल्यांची ती जुनी चढाओढ इथे तशीच चालू होती. रात्री हीच तबकडी क्लबात, आणि नाहीतर कूल एफएमसारख्या बेकायदा रेडिओवर. १९९१ मध्ये पूर्व लंडनच्या हॅकनीत सुरू झालेल्या या केंद्राचा एरियल उंच इमारतीच्या गच्चीवर असे. सरकारी माणसं तो काढून नेत, की दुसरा चढे.

आता नावांकडे येतो. ‘जंगल’ हे नाव कुठून पडलं यावर ब्रिटिश लोक तावातावाने भांडतात. कुणी जेम्स ब्राउनच्या १९८६ च्या एका संग्रहाच्या नावाकडे बोट दाखवतात. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी कथा मात्र वेस्टपाशी येऊन थांबते. किंग्स्टनच्या पश्चिमेला टिव्होली गार्डन्स ही वस्ती आहे. या कथेप्रमाणे लोकांच्या तोंडी ती ‘जंगल’, आणि तिथला माणूस ‘जंगलिस्ट’. अशा एका यार्ड टेपवर माइकवाला आपल्या वस्तीतल्या तमाम जंगलिस्टांना साद घालतो. ती साद वेस्टने उचलून आपल्या तबकडीत घातली, नाचणाऱ्यांनी ती स्वतःला लावून घेतली, आणि संगीताला नाव मिळालं. काहींना ते नाव खटकलं, आणि त्यांचंही खरं होतं. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या गोऱ्या गिऱ्हाइकांना ड्यूक एलिंग्टनचं संगीत ‘जंगल म्युझिक’ म्हणून विकलं जात होतं. काळा माणूस आणि जंगल ही जोडी त्यांच्या डोक्यात कशी बसली होती हे वेगळं सांगायला नको.

मराठी वाचकाला इथे गालात हसायला जागा आहे. हा शब्द आपल्या घरातून गेलेला. त्यातही गंमत अशी, की चरकसंहितेत ‘जांगल देश’ म्हणजे दाट अरण्य नव्हेच. कमी पाण्याचा, विरळ झाडांचा, कोरडा प्रदेश म्हणजे जांगल. दाट आणि दलदलीचा तो आनूप. भाषांतून फिरता फिरता जंगल हिरवंगार झालं, अठराव्या शतकात इंग्रजीत शिरलं, इंग्रजांच्या वसाहतींतून जमैकात पोचलं आणि काँक्रीटच्या वस्तीला चिकटलं. तिथून लंडन. कोरडी, उघडी, माणसांनी भरलेली टिव्होली गार्डन्स चरकाच्या व्याख्येला किपलिंगच्या जंगलापेक्षा जवळची आहे.

जमैकात पोचलेला आपला हा एकच शब्द नव्हे. मे १८४५ मध्ये भारतातून करारबद्ध मजुरांचं पहिलं जहाज ओल्ड हार्बर बे इथे लागलं, आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० माणसं तिथे नेली गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. गुलामी संपल्यावर मळ्यांना हात हवे होते. ती माणसं गांजा घेऊन गेली, आणि नावही तेच राहिलं: जमैकात आजही ‘गांजा’च म्हणतात. रास्ताफारी पंथाने त्याला प्रसादाचं स्थान दिलं. त्या पंथाच्या आद्य प्रचारकांपैकी लिओनार्ड हॉवेल याने १९३० च्या दशकात आपली पुस्तिका ‘जी. जी. माराग’ या नावाने काढली. माराग म्हणजे महाराज. आणि १९९४ मध्ये वेस्टने कॉन्करिंग लायन या नावाने ‘कोड रेड’ काढलं तेव्हा त्यावर आवाज होता सुपर कॅटचा. जमैकाच्या या नावाजलेल्या माइकवाल्याचं खरं नाव विल्यम माराग. घराण्यात भारतीय रक्त आहे, आणि आडनावात ते अजून ऐकू येतं. मी हा धागा फार ओढणार नाही. जंगल संगीत भारतीय आहे असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. पण ते आपल्याला पूर्ण परकंही नाही.

१९९४ हे जंगलचं मोठं वर्ष. एम-बीट आणि जनरल लीवाय यांचं ‘इन्क्रेडिबल’ पहिल्या दहात गेलं, शाय एफएक्स आणि यूके अपाची यांचं ‘ओरिजिनल नटा’ नाचघरांतून रस्त्यावर आलं. मग जनरल लीवाय एका मुलाखतीत आपण जंगलचे मालक असल्यासारखं काही बोलून गेला, आणि मोठ्या डीजेंनी एकत्र येऊन त्याच्या गाण्यावर बहिष्कार घातला. पंचायत बसावी आणि वाळीत टाकावं, तसा प्रकार.

तेवढ्यात नाव बदललं. क्लबांना ‘जंगल’ या शब्दाबरोबर येणारी मारामारीची बदनामी नको होती, मासिकांना काहीतरी पोक्त हवं होतं, आणि नव्या निर्मात्यांना रॅगाच्या, म्हणजे जमैकन ढंगाच्या माइकवरच्या, आरोळ्यांचा कंटाळा आला होता. १९९५ मध्ये गोल्डीचा ‘टाइमलेस’ आला. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या रॉनी साइझ आणि रेप्राझेंट यांच्या ‘न्यू फॉर्म्स’ला मर्क्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हा सगळे ‘ड्रम अँड बेस’ म्हणत होते. दोन्ही अल्बम उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नव्या नावात विनोद आहे, तो फारसा कुणी पाहिला नाही. ‘ड्रम अँड बेस’ हा शब्दप्रयोग मुळात डबचा. आवाज काढून टाकलेल्या व्हर्शनला रेगेवाले गेली वीस वर्षं हेच म्हणत होते. किंग्स्टनचं एक नाव नको म्हणून बाहेर काढलं, आणि आत आलं तेही किंग्स्टनचंच.

वेस्ट या धांदलीत जागचा हलला नाही. तो रास्ताफारी झाला होता, आणि त्याची नावं त्या श्रद्धेतून येत होती. ‘कॉन्करिंग लायन’ हा इथिओपियाच्या सम्राटांचा किताब, यहूदाच्या कुळातला विजयी सिंह. ‘ट्राइब ऑफ इस्साखार’ची गोष्ट अधिक घरगुती आहे. ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इस्रायल या रास्ता संघटनेत माणसाचं कुळ जन्माच्या महिन्यावरून ठरतं. फेब्रुवारीतला बॉब मार्ली म्हणून योसेफच्या कुळातला. ऑगस्टचं कुळ इस्साखार. म्हणजे पाकिटावर त्याने दुसरं काही नाही, आपली जन्मरास छापली होती. या नावाने पीटर बाउन्सरच्या आवाजात निघालेलं ‘जंगलिस्ट’ हे गाणं मला त्याच्या सगळ्या कामात वरचं वाटतं. बाउन्सर रेगेतला गोड गळ्याचा गायक. तो घाई करत नाही. त्याच्या खाली ड्रम फुटत असतात आणि वर तो देवळाच्या पायरीवर बसल्यासारखा गातो.

टॉप कॅट, टेनर फ्लाय, बाउन्सर, हे आवाज त्याने कधी सोडले नाहीत. ड्रम अँड बेसमधून माणसाचा आवाज जवळजवळ हद्दपार झाला, सगळीकडे लोखंडी, कोरडे, यंत्राचे नाद भरले, तेव्हाही काँगो नॅटीच्या लाल-पिवळ्या-हिरव्या तबकड्या निघत राहिल्या. त्या मोठ्या दुकानांत दिसत नसत. कॅसेटवरून कॅसेटवर, नंतर फाइलीवरून फाइलीवर जात त्या पोर्तुगालपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या.

२०१३ मध्ये बिग डाडा या लेबलवर ‘जंगल रेव्होल्युशन’ आला. मिक्सिंगला एड्रियन शेरवूड होता, ब्रिटिश डबमधला बुजुर्ग. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०११ मध्ये, टॉटनममध्ये मार्क डगन पोलिसांच्या गोळीने मेला होता आणि दंगल तिथून देशभर पसरली होती. १९८५ च्या वेळी वीस वर्षांचा असलेला पोरगा आता चाळिशी ओलांडलेला होता, आणि गाव पुन्हा त्याच कारणाने वर्तमानपत्रात. त्या अल्बममधला राग म्हणून उसना वाटत नाही. ‘यूके ऑलस्टार्स’ या गाण्यात तर त्याने टिपा आयरी, जनरल लीवाय, टॉप कॅट, टेनर फ्लाय अशी फास्ट चॅटपासूनची सगळी पंगत एका पाटावर बसवली आहे. ज्याला वाळीत टाकलं होतं, तोही पंगतीत आहे. टेनर फ्लाय २०१६ च्या जूनमध्ये गेला.

त्याच अल्बममध्ये शरीरात बसवल्या जाणाऱ्या मायक्रोचिपविरुद्ध एक गाणं आहे, आणि तिथे मी त्याच्यासोबत नाही. रास्ता मंडळींचा बॅबिलोनवरचा, म्हणजे जुलमी सत्तेवरचा, संशय समजून घेता येतो; पोलिसांनी मेन्सनच्या घरच्यांना जे सांगितलं ते आठवलं की संशय येणारच. पण संशयाची एकदा सवय लागली की ती कुठेही नेते. रास्ता ज्याला देव मानतात त्या इथिओपियाच्या सम्राट हेले सेलासीच्या भक्तीबद्दलही तेच. सम्राटाच्या शेवटच्या वर्षांत वोलो प्रांतात दुष्काळाने माणसं मेली, त्याचा उल्लेख या गाण्यांत शोधून सापडत नाही. पुढच्या एका प्रकरणात हे सविस्तर आलं आहे. वाचकाने ते चुकवू नये.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचा, पण ऐकण्याचा क्रम सांगून ठेवतो. आधी ‘स्ट्रीट टफ’, मग ‘ट्रायबल बेस’, मग ‘कोड रेड’, मग ‘जंगलिस्ट’. आणि कृपा करून मोबाइलवर ऐकू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून ताशा येतो, ढोल येत नाही, आणि मग हे संगीत म्हणजे नुसता खडखडाट वाटतो. माझंही पहिली कित्येक वर्षं तसंच झालं होतं. नंतर एका मित्राने लग्नाच्या मांडवात लावायचा त्याचा मोठा स्पीकर दोन दिवस माझ्याकडे ठेवायला दिला. दुपारी घरात कुणी नाही असं समजून मी त्यावर ‘जंगलिस्ट’ लावलं. बेस आला आणि फडताळातल्या वाट्या एकमेकींवर किणकिणू लागल्या. आतून आई ओरडली, “अरे, दळण कुणी लावलंय?”